बंदरावरचं कुंकू

बाई,

तुमचा प्रशांत खालच्या घराला कुलूप लावून पुण्याला गेला, त्याला आज एकोणीस दिवस झाले. किल्ली माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी जिना उतरते, कुलूप काढते, तुमच्या तुळशीला पाणी घालते, कूलरच्या टाकीत डोकावते आणि वर येते. टाकी कोरडी आहे हे मला माहीत आहे. पण एप्रिल लागला की आपलं वर्षाचं पहिलं भांडण त्या कूलरवरूनच व्हायचं. तुम्ही म्हणायचात, खस बदलायची गरज नाही, मागच्या सालची चांगली आहे. मी म्हणायची, तिला वास येतो. यंदा मी माझ्या कूलरला नवी खस बसवून घेतली. बसवणारा निघून गेल्यावर लक्षात आलं की मला कोणी अडवलंच नाही.

दुपारी चार वाजता तर घर खायला उठतं. तुम्ही जिन्याच्या लोखंडी कठड्यावर सांडशीने दोन ठोके मारायचात. दोन ठोके म्हणजे चहा टाकला, खाली ये. मी वरून "आली" असं ओरडायची आणि पंधरा मिनिटं लावायची, मग तुम्ही चहा पुन्हा गरम करता करता माझा उद्धार करायचात. आता चार वाजायला आले की मी टीव्हीचा आवाज बारीक करून बसते. सवय आहे, दुसरं काय.

भेटायला येणारे विचारतात, तुमच्या कोण लागत होत्या? मोठ्या जाऊबाई, असं मी सांगितलं की त्यांचा चेहरा जरा सैल होतो. जाऊ गेल्यावर माणूस किती रडणार, असा त्यांचा हिशोब असतो. मग ते उन्हाबद्दल बोलतात आणि सरबत पिऊन जातात. चाळीस वर्षं आपण एका घरात काढली, तुम्ही खाली आणि मी वर. तुमचे गेले तेव्हा तुम्ही चौतीस वर्षांच्या होतात. माझे सहा वर्षांमागे गेले. त्यानंतर या घरात आपण दोघीच, दोन गॅस, दोन देव्हारे आणि एक चहा. याला काय नातं म्हणतात ते मला सांगता येत नाही, म्हणून मी जाऊबाई म्हणून मोकळी होते.

आज मला त्या बंदरावरच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. त्याबद्दल आपण एकदाच बोललो आणि तेही अर्धवट सोडलं. तुम्ही विसरला नव्हतात. मी पण नव्हते.

तसं पाहिलं तर सगळा उद्योग माझ्या मुग्धाचा. तिने चेन्नईहून फोन केला की आई, तुझं आणि मोठ्याईचं जहाजाचं तिकीट काढलंय, दोन रात्रींनी लंका, त्रिंकोमाली नावाचं बंदर, परत चेन्नई. तुम्ही आधी सपशेल नाही म्हणालात. मग पासपोर्टच्या फोटोत चेहरा चांगला आला तसं मन थोडं वळलं. मग म्हणालात, "रामटेकच्या रामाले लंकेले पोचाले किती वर्षं लागले, अन् आपण दोन रात्रीत जाऊन राहिलो." ही गोष्ट तुम्ही दूधवाल्याला सांगितली, समोरच्या जोशीकाकूंना सांगितली आणि चेन्नईच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या तेलुगू जोडप्यालाही सांगितली. त्यांना कळली की नाही देव जाणे, पण त्यांनी तुम्हाला दोन इडल्या दिल्या.

तुमच्या बॅगेत चार दिवसांच्या प्रवासासाठी दोन किलो चिवडा होता. शिवाय शेंगदाण्याची चटणी, तिखटाची डबी आणि वाळवलेल्या संत्र्याच्या साली, मळमळलं तर चघळायला. मी हसले होते. जहाज पहिल्या रात्री डुलायला लागलं तेव्हा त्या साली आपल्या खोलीत कोण चघळत होतं ते मी इथे कबूल करते.

समुद्र तुम्ही बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. डेकच्या कठड्याला धरून तुम्ही बराच वेळ उभ्या होतात. अंबाझरीचा तलाव हे तुमचं पाण्याचं माप. तुम्ही विचारलंत, "याचा पल्याडचा काठ कुठी आहे वं?" मी म्हटलं, दिसत नाही, फार लांब आहे. तर तुम्ही म्हणालात, "मग चांगलं आहे. तिकडून कोणी पाहत नाही आपल्याकडे." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी तुम्हाला शाल दिली आणि वारा लागेल म्हणून आत चला म्हणाले. मला सगळ्यांना सांभाळून घ्यायची खोड आहे. ऑफिसात तीस वर्षं टेबलं सांभाळली, घरी माणसं.

त्या खोडीचंच सांगते.

आपल्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं तेव्हा तिळगूळ तुमच्या हातचा असायचा. वाण तुम्ही बांधायचात, अत्तरदाणी तुम्ही घासायचात, रांगोळी तुमची. आणि बायका यायला लागल्या की मी तुमच्याकडे बघून डोळ्याने खूण करायची. तुम्ही उठून स्वयंपाकघरात जायचात, दूध बघायला. दूध गॅसवर नसायचंच. नवखी एखादी बाई करंडा घेऊन तुमच्यापर्यंत पोचू नये, तिने बोट पुढे करावं आणि मग कोणीतरी तिला कानात सांगावं, आणि तुमच्या तोंडावर ते सगळं घडावं, असं होऊ नये म्हणून मी डोळ्यात तेल घालून असायची. लग्नात, बारशात, कोणाच्या ओटीभरणात, जिथे जिथे कुंकवाचं ताट फिरलं तिथे तिथे मी तुमच्या आणि ताटाच्या मधे जाऊन उभी राहिले. एकदाही चूक होऊ दिली नाही. मला त्याचा अभिमान होता, बाई. मला वाटायचं मी तुम्हाला जपते आहे.

मुग्धा दहा वर्षांची असताना तिने तुमच्या कपाळाला तिची चमकीची टिकली लावली होती, आठवतं? तुम्ही हसत हसत काढून तिच्याच नाकाला लावलीत. माझे गेल्यावर मी महिन्याने ऑफिसला जायला निघाले तेव्हा बारीक टिकली लावली होती, आणि जिन्यावरून उतरताना मला तुमची भीती वाटत होती. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, बरं केलं. मी म्हटलं, मग तुम्ही पण लावा ना बाई, आता कोण आहे बोलायला? तर म्हणालात, "माझं राहू दे. कपाळाले सवय राह्यली नाही." तुम्ही हे असं म्हणालात की जणू जुन्या चपलेबद्दल बोलताय. मी ते खरं धरलं.

त्रिंकोमालीला जहाज सकाळी धक्क्याला लागलं. नारळाची झाडं, टेकडी, पाणी इतकं निळं की तुम्ही म्हणालात, नीळ जास्त पडली. जहाजाच्या जिन्याने खाली उतरलो तर स्वागताला ढोल वाजत होते. काठपदराचे परकर नेसलेल्या तीन पोरी पितळी ताटं घेऊन ओळीत उभ्या. पहिली गळ्यात पिवळ्या फुलांचा हार घालत होती, दुसरी कपाळाला कुंकू लावत होती, तिसरी शहाळं हातात देत होती. बाजूला जहाजाचा फोटोवाला, प्रत्येकाला थांबवून फोटो काढणारा. मी तुमच्या पुढे होते. मला हार, मला कुंकू, मला शहाळं. मी वळून पाहिलं तोवर तुम्ही दुसरीच्या समोर होतात.

ती पोरगी बुटकी होती. तिचा हात तुमच्या कपाळापर्यंत नीट पोचत नव्हता. आणि बाई, तुम्ही मान खाली केलीत. थोडीशीच. तिचा हात पोचावा म्हणून.

तिने चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं. तुम्ही मान वर केलीत, फोटोवाल्याने हात हलवला आणि तुम्ही त्याच्याकडे बघून हसलात. मग तुम्ही शहाळं घेतलंत आणि माझ्याकडे चालत आलात. मला काही सांगायचं असल्यासारखा तुमचा चेहरा होता. तुम्ही काही बोलायच्या आत मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तुमच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

मी विचार केला नव्हता. यावर तुमचा विश्वास बसो न बसो, मी काहीच विचार केला नव्हता. अडतीस वर्षांचा हात होता तो, आपोआप गेला. मी म्हणाले सुद्धा, "अवो, त्यांले माहीत नाही नं, चला."  तुमच्या एका हातात शहाळं होतं, दुसऱ्या हाताने तुम्ही माझ्या मनगटाला धरलंत, मी थांबावं म्हणून की आधारासाठी, ते मला आजही ठरवता येत नाही. तोवर पुसून झालं होतं.

बसमध्ये बसल्यावर मला खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला. माझं कुंकू जागच्या जागी होतं. रुपयाएवढं, लालभडक. तुमच्या कपाळावर गुलाबी डाग राहिला होता, पुसलेल्या पाटीसारखा. माझं मी पुसावं तर आता ते कसं दिसेल, आणि ठेवावं तर कसं, या विचारात समुद्रकाठचा अख्खा रस्ता गेला. ठेवलंच मी शेवटी.

टेकडीवरच्या शंकराच्या देवळात पुजाऱ्याने भस्म दिलं. तुम्ही हात पुढे करून घेतलंत आणि स्वतःच्या बोटांनी त्या गुलाबी डागावर आडवं लावलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. देवळाच्या आवारात हरणं फिरत होती, एकाने तुमच्या पिशवीत तोंड घातलं तेव्हा मात्र तुम्ही हसलात आणि त्याला चिवडा दिलात. मला वाटलं, चला, निवळलं. मी मोबाईलवर तुमचे फोटो काढत सुटले. हरणाबरोबर, समुद्राबरोबर, नारळाच्या झाडाखाली. मी सांगितलं तिथे तुम्ही उभ्या राहिलात.

संध्याकाळी जहाज सुटलं. पाचाचा चहा आपण मागच्या डेकवर घेतला. बंदर लहान होत चाललं होतं, गळ्यातले हार कोमेजले होते, तुम्ही तुमचा अजून काढला नव्हता. माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत.

"तू काहून पुसलं वं?"

मी म्हटलं, "लोक पाहून राहिले होते, बाई."

"कोण लोक? इथं आपल्याले कोण ओळखते?"

 तुम्ही कपात चमचा ढवळत होतात, साखर कधीच विरघळली होती.

"त्या पोरीले माहीत नव्हतं, म्हणून तिनं लावलं," तुम्ही म्हणालात. "तुले सारं माहीत होतं. तू पुसलं."

मी उत्तर जुळवत होते. मला सांगायचं होतं की मी घाबरले, की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून केलं, की सवय. यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर यायच्या लायकीचं नव्हतं. तुम्ही चमचा बशीत ठेवलात. मग म्हणालात, "चहा थंडा होऊन राहिला, घे." आणि आपण समुद्राकडे बघत चहा प्यायलो. तिथून पुढे तुम्ही तो विषय काढला नाहीत. तुम्ही रागावला असतात, चार दिवस अबोला धरला असतात, तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही रात्री मला संत्र्याची साल दिलीत.

तेव्हा मला आपलं घर आठवत होतं, अडतीस वर्षांपूर्वीचं. तुम्हालाही आठवत असणार. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तुमचे गेले त्या दिवशी मधल्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि सासूबाईंनी मला हाक मारून ओलं फडकं मागितलं. मी मोरीवर गेले, स्वच्छ बघून फडकं घेतलं, भिजवलं, पिळलं आणि आणून दिलं. चांगलं पिळलं होतं, कारण पाणी तुमच्या डोळ्यात जाऊ नये असं मला वाटत होतं. बघा, तेव्हाही मी सांभाळूनच घेत होते. त्यांनी तुमचं कपाळ पुसलं. फडकं परत माझ्याच हातात दिलं. आपण याबद्दल कधी म्हणजे कधीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी जहाजावर एका भिंतीवर सगळ्यांचे फोटो टांगले होते. लोक आपापले चेहरे शोधत होते, सापडले की ओरडत होते. तुमचा मला दिसला, तिसऱ्या ओळीत. गळ्यात पिवळा हार, कपाळाला कुंकू, मान जरा तिरपी आणि चेहऱ्यावर असं हसू की मी आधी ओळखलंच नाही. मी वळले तर तुम्ही माझ्या मागे उभ्या होतात. तुम्हीही तोच बघत होतात. मी म्हणाले, घ्यायचा का? तुम्ही म्हणालात, "काय करायचा? घरी नेऊन लावशील कुठी?" आणि जेवायला निघून गेलात.

आता जे सांगते ते तुम्हाला माहीत नाही. उतरायच्या दिवशी सकाळी तुम्ही बॅग भरत होतात तेव्हा मी शाल विसरल्याचं खोटं सांगून वर गेले आणि तो फोटो घेतला. जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून देतात. मला तो तुम्हाला द्यायचा होता. देताना जे बोलायचं ते मी चेन्नईपासून बल्लारशाहपर्यंत गाडीत मनात घोळवत आले. घरी पोचल्यावर पावसाने गच्ची गळत होती, मग त्यात चार दिवस गेले. मग श्रावण. दिवाळीला देऊ म्हटलं. दिवाळीला प्रशांतकडचे सगळे होते. संक्रांतीला तर मी पाकीट हातात घेऊन निम्मा जिना उतरले होते. तुम्ही ओट्याशी तिळगुळाचे लाडू वळत होतात, शेजारच्या सूनबाईचं हळदीकुंकू होतं, तिच्यासाठी. वर्षानुवर्षांच्या सवयीने तुम्ही म्हणालात, "तू जाऊन ये वं, मी दूध पाहते." मी पाकीट पदराखाली घेऊन परत वर गेले. लाडू मात्र खाल्ले, चार.

फेब्रुवारीच्या शेवटी तुम्ही पडलात. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नऊ दिवस. मला वाटलं होतं घरी आणल्यावर बोलू. तिथे नळ्या, यंत्रं, कडक नर्सबाई आणि भेटायची वेळ संध्याकाळी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी तुम्हाला काय सांगितलं असेल? दूधवाल्याने भाव वाढवला. तुळशीला मंजिऱ्या आल्या. मी काचेबाहेरून हात हलवून घरी येत होते आणि माझं सगळं बोलणं माझ्यापाशीच राहत होतं. दहाव्या दिवशी सकाळी प्रशांतचा फोन आला.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा बायका जमल्या. आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. मी तुमच्या उशाशी होते. देव्हाऱ्यातला करंडा माझ्यापासून दोन हातांवर होता, मी त्याच्याकडे किती वेळा पाहिलं असेल. हात गेला नाही, बाई. पुसायला अडतीस वर्षांचा हात आपोआप जातो आणि लावायला जात नाही. तुम्ही कोऱ्या कपाळाने गेलात. तेवढ्यापुरतं मला रडू आलं नाही, इतकी मला माझी चीड आली होती.

तेरवीला लावायला फोटो हवा होता. प्रशांतने आधार कार्डावरचा मोठा करून आणला, त्यात तुम्ही पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारख्या दिसता. दुसरा नाही का, असं तो मला विचारत होता. मी वर गेले, साड्यांच्या खालून पाकीट काढलं आणि या वेळी अख्खा जिना उतरले.

तो बघतच राहिला. म्हणाला, आई अशी हसायची? मग त्याने फोटो वन्संना दिला. आपल्या नणंदबाई यवतमाळहून आल्या होत्या, पलंगावर बसून सगळ्यांना सूचना देत होत्या. वन्संनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "कपाळाले कुंकू? येणाऱ्या जाणाऱ्याले काय सांगशील, प्रशांत?" प्रशांत बिचारा मधल्या मधे अडकला. म्हणाला, काही नाही आत्या, फ्रेमवाला कॉम्प्युटरवर काढून देईल, तेवढंच पुसता येते.

मी खिचडीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"पहिल्या वेळी फडकं म्या आणून दिलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही होत्या नं वन्सं तिथं, पाहिलं आहे तुम्ही. दुसऱ्या वेळी म्या सोता पुसलं, त्या बंदरावर, या फोटोनंतर लगेच. आता तिसऱ्या वेळी कोणाले पुसू देणार नाही."

माझा आवाज चढला नव्हता.  मग वन्संनी फोटो पुन्हा हातात घेतला, जवळ धरला, आणि एवढंच म्हणाल्या की वहिनी लहानपणी, म्हणजे लग्न होऊन आली तेव्हा, अशीच हसायची.  प्रशांतला मी नंतर सगळं सांगितलं, जिन्यात बसून. तो रडला. मीही तेव्हा रडले, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा धड.

महाल भागातल्या फ्रेमवाल्याकडे मी स्वतः गेले. त्याने फोटो पाहिला आणि म्हणाला, "काकू, यात तं हार आधीच आहे. वरून अजून घालायचा का?" मी म्हटलं, नको, हा पुरे. त्याला वाटलं मी कसला तरी नवस बोलले आहे. तेरवीच्या दिवशी लोक आले, फुलं वाहिली, दोघीतिघींनी फोटोकडे निरखून पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं.  समोरच्या जोशीकाकू एवढंच म्हणाल्या, कुठला गं हा, किती छान आलाय. मी म्हटलं, लंकेचा.

बाई, यातलं काहीही तुमच्या कामाचं नाही, हे मला कळतं. ज्या दिवशी उत्तर द्यायला हवं होतं त्या दिवशी मी चहा प्यायले. माफी मागायची तर समोर माणूस लागतं. तुम्ही डेकवर विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मला आता सापडलं आहे, या रिकाम्या घरात बसून. लोकांना मी घाबरत नव्हते. तुमच्या आणि ताटाच्या मधे उभं राहायचं हेच माझं या घरातलं मोठेपण होतं. तुम्ही मान खाली केलीत तेव्हा तुम्हाला माझी गरज उरली नाही, आणि ते मला एका क्षणात कळलं होतं. म्हणून पुसलं. असं आहे ते. तुम्ही हे ऐकून चहा पुढे केला असतात, मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच सांगायला हवं होतं.

फोटो खालच्या बैठकीत लावला आहे, जिन्यातून उतरलं की समोर. प्रशांत रविवारी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा मी त्याला दाखवते. मागच्या रविवारी म्हणाला, काकू, काच नीट पुसत नाही का, मधे धूळ दिसते.

पुसते ना. एप्रिलची धूळ तुम्हाला माहीत आहे, खिडक्या लावल्या तरी आत येते. रोज सकाळी तुळशीचं झालं की मी फडकं घेते, चौकट पुसते, हार पुसते, गाल, हनुवटी. कपाळापाशी आलं की हात थांबतो. तेवढ्या जागेला मी फडकं लावत नाही. उद्यापासून तिथे फुंकर घालीन.